खाडीतल्या माशांमधील धातू मोजायचे आहेत? नमुना तयार करण्याची रीत, पायरीपायरीने

माशाच्या मांसात शिसे किती, कॅडमियम किती, पारा किती, हे आयसीपी-एमएससारखे (अणूंचे आयन करून त्यांच्या वस्तुमानावरून धातू ओळखणारे) यंत्र अब्जांशाच्या पातळीवर सांगते. पण ते शिसे माशाचे आहे, सुरीचे आहे की तुमच्या हातमोज्याचे, हे मात्र ते सांगू शकत नाही. ठाणे खाडीच्या परिसरातील बोय आणि कालवे घेऊन मी काम सुरू केले, तेव्हा पहिल्या तुकडीतील प्रत्येक नमुन्यात जस्त भरपूर निघाले आणि मार्गदर्शकांना दाखवण्याच्या घाईत मी त्याचा आलेखही काढला. मग ब्लँकचे आकडे पाहिले. ज्या नळीत मासा नव्हताच, नुसते आम्ल होते, तिच्यातही जवळजवळ तेवढेच जस्त होते. पंधरा दिवस एकेक वस्तू बदलून पाहिल्यावर दोष सापडला तो पावडर लावलेल्या हातमोज्यांत.

पहिल्यांदा हे काम हाती घेणाऱ्या एमएस्सी किंवा पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. यंत्र चालवणारे तंत्रज्ञ बहुतेक ठिकाणी वेगळे असतात आणि ते आपले काम जाणतात; आकडा बिघडतो तो त्यांच्या हाती नळी जाण्यापूर्वी. त्यामुळे पुढील प्रत्येक पायरीवर दोनच प्रश्न स्वतःला विचारायचे आहेत: इथे बाहेरचा धातू आत येऊ शकतो का, आणि आतला धातू बाहेर जाऊ शकतो का?

१. कोणता धातू आणि कोणती ऊती, हे आधी ठरवा

प्रश्न ठरल्याशिवाय नमुना घेऊ नका, कारण पुढची सारी साधने त्यावर ठरतात. लोकांच्या ताटात काय जाते हे पाहायचे असेल तर स्नायू, म्हणजे खाल्ले जाणारे मांस घ्यावे. खाडी किती दूषित आहे हे पाहायचे असेल तर यकृत अधिक बोलके असते, कारण कॅडमियम आणि तांबे तिथे साठतात, तर स्नायूत ते फार कमी असतात. पाऱ्याचे याच्या उलट आहे: स्नायूतील पारा बहुतांशी मिथिलमर्क्युरी या सेंद्रिय संयुगाच्या रूपात असतो आणि तो प्रथिनांना घट्ट धरून राहतो. कल्ल्यांत पाण्यातून आलेला धातू दिसतो, परंतु त्यांत गाळही अडकलेला असतो, म्हणून नवशिक्याने कल्ल्यांपासून सुरुवात करू नये असे माझे मत आहे.

पारा मोजायचा असेल तर ते आत्ताच ठरवा. वाळवण्यापासून साठवण्यापर्यंत त्याची वाट वेगळी आहे, आणि मधेच तो यादीत घुसवता येत नाही.

२. कागदपत्रे आणि परवानग्या

ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तो रामसर स्थळांच्या यादीतही आला. अभयारण्याच्या हद्दीत नमुने घ्यायचे असतील तर वन विभागाची लेखी परवानगी लागते. अर्ज लवकर करा, कारण ओहोटी आपल्या अर्जासाठी थांबत नाही. जिवंत मासे प्रयोगशाळेत ठेवणार असाल तर संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीकडे आधी विचारणा करा. कोळी बांधवांकडून मासे विकत घेत असाल तर ते नेमके कुठे आणि कधी पकडले हे त्यांना विचारून त्यांच्या समोरच वहीत लिहा. बाजारात ट्रकने आलेला मासा खाडीचा म्हणून नोंदला गेला, तर पुढची सगळी अचूकता वाया जाते.

जवळ ठेवायचे कागद असे:

– परवानगीपत्राची प्रत
– नमुना नोंदवही: तारीख, वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश, भरती की ओहोटी, जात, लांबी, वजन
– रसायनांची सुरक्षा पत्रके
– प्रमाणित संदर्भ द्रव्याचे (ज्यातले धातूंचे प्रमाण आधीच मोजून ठरवलेले असते त्या द्रव्याचे) प्रमाणपत्र

शेवटच्या वस्तूची मागणी पहिल्याच आठवड्यात नोंदवा. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचे माशाच्या प्रथिनाचे 'डॉर्म' आणि यकृताचे 'डॉल्ट', किंवा अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेचे कालवाच्या मांसाचे द्रव्य अशा कामांत सर्रास वापरतात. बाटली लहान असते, महाग असते आणि परदेशातून येते; खरेदी विभागाची फाईल फिरून ती हातात पडेपर्यंत काही महिने सहज जातात.

३. साहित्य आणि त्याची धुलाई

– पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे
– सिरॅमिकची सुरी, प्लास्टिकचे चिमटे, पांढरा पॉलिथिलीनचा पाट
– झिप असलेल्या पारदर्शक पिशव्या, पॉलिप्रॉपिलीनच्या ५० मिलिलिटरच्या नळ्या
– अकीकाचा खलबत्ता
– अतिशुद्ध पाणी, ज्याचा रोध १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर दाखवला जातो
– अल्प-धातू दर्जाचे संहत नायट्रिक आम्ल आणि ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड
– मायक्रोवेव्ह डायजेस्टर (मांस आम्लात विरघळवणारे, म्हणजे 'पचवणारे' यंत्र) आणि त्याची टेफ्लॉनची भांडी
– चार दशांश स्थळांपर्यंत वजन दाखवणारा तराजू

काचेची भांडी शक्यतो टाळा; आम्लात काचेतून धातू झिरपतात. रंगीत प्लास्टिकही टाळा, मग ते पिपेटचे पिवळे टोक का असेना, कारण रंगद्रव्यात धातू असू शकतो. स्टीलची सुरी वापरलीत तर लोखंड, क्रोमियम आणि निकेल या तिन्ही आकड्यांवर संशयाचे सावट राहील. फक्त पारा आणि शिसे मोजायचे असतील, तर नवे स्वच्छ स्टीलचे पाते चालून जाते.

प्रत्येक भांडे आधी साबणाच्या पाण्याने, मग १० टक्के नायट्रिक आम्लात किमान २४ तास बुडवून आणि शेवटी अतिशुद्ध पाण्याने तीनदा खंगाळून घ्यावे. सुकवताना ते उघड्यावर किंवा गंजलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नका. झाकलेल्या प्लास्टिकच्या डब्यात उपडे ठेवा. नळाच्या पाण्याने 'एकदा शेवटचे' धुण्याची सवय असेल तर ती इथे सोडावी लागेल.

४. नमुना गोळा करणे

सुरुवातीच्या दिवसांत बाजारातल्या एका कोळीण मावशींकडून मी सहा बोय घेतल्या. पैसे मोजेपर्यंत त्यांनी मायेने त्या विळीवर कापून, खवले काढून, टोपलीतल्या पाण्यात धुऊनही दिल्या. आता मी आधीच सांगते, ‘मावशी, अख्ख्याच द्या, साफ करू नका.’ त्यावर त्या दर वेळी विचारतात, ‘मग खाणार कशी?’

मासा अख्खा घ्या, त्याच ठिकाणच्या पाण्याने वरचा चिखल काढा आणि दुहेरी पिशवीत ठेवा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून दोन पिशव्यांच्या मधे सरकवा. मार्करची शाई ओलाव्याने पसरते. बर्फ पिशवीच्या बाहेरच असू द्या. बाजारचा बर्फ वितळला की त्याचे पाणी कुठून कुठे जाईल याचा भरवसा नसतो. प्रयोगशाळेत आल्यावर त्याच दिवशी कापणी करा, नाहीतर उणे २० अंश सेल्सिअसला गोठवा. फॉर्मॅलिनमध्ये टिकवलेले संग्रहालयातील नमुने या कामासाठी घेऊ नयेत: धातू द्रवात उतरतो, आणि द्रवातला धातू ऊतीत शिरतो.

कालवे आणि तिसऱ्या (शिंपले) यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या पोटात गाळ असतो, आणि गाळातले लोखंड व शिसे मांसातले म्हणून मोजले जाते. त्यांना गाळलेल्या स्वच्छ समुद्राच्या पाण्यात साधारण २४ तास ठेवून पोट रिकामे होऊ द्यावे. बोयही चिखलच चाळून खाते; तिला असे ठेवता येत नसेल तर कापताना आतडे फुटू न देणे हाच एक उपाय आहे.

५. कापणी

पाठीवरच्या पराच्या खाली आणि कडेच्या रेषेच्या वर जो जाड मांसल भाग असतो, तिथला तुकडा प्रत्येक माशातून एकाच बाजूने घ्या. त्वचा आणि काटे काढा. आधी स्नायू, मग यकृत, आणि आतड्याला हात शेवटी, हा क्रम मोडू नका. पिताशय यकृताला चिकटलेले असते. ते फुटून यकृत हिरवे झाले तर तो नमुना बाजूला ठेवून वहीत तसे लिहा. दोन माशांच्या मधे सुरी आणि पाट अतिशुद्ध पाण्याने धुवा, हातमोजे बदला.

लहान माशांचे यकृत एका भांड्यासाठी पुरत नाही. पाच-सहा मासे एकत्र करावे लागले तर कोणते एकत्र केले हे नोंदवा आणि लांबी सारखी असलेलेच निवडा, कारण पारा वयाबरोबर वाढत जातो व मोठ्या माशात छोटा मिसळला की सरासरीला अर्थ राहत नाही.

६. वाळवणे आणि दळणे

कापलेल्या तुकड्याचे ओले वजन आधी घ्या. ही नोंद राहिली तर ती पुन्हा मिळत नाही, आणि दहाव्या पायरीवर तिच्यावाचून सगळे अडते.

मग ६० अंशांच्या ओव्हनमध्ये, वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. स्नायूला साधारण दोन दिवस लागतात. माशाच्या मांसात पाणी सुमारे ७५ ते ८० टक्के असते, त्यामुळे दहा ग्रॅमच्या तुकड्यातून दोन-अडीच ग्रॅमच हाती लागतात. पारा मोजायचा असेल तर ओव्हनच्या वाटेला न जाता गोठवून सुकवा, म्हणजे लायोफिलायझर वापरा, किंवा ओला नमुनाच पचवा. तापमान वाढवून काम लवकर उरकण्याचा मोह पाऱ्याच्या बाबतीत महागात पडतो.

वाळलेला तुकडा अकीकाच्या खलात बारीक पीठ होईपर्यंत घोटावा. बांगड्यासारखा तेलकट मासा मात्र पीठ होतच नाही, लगदा होतो. तिथे हट्ट न धरता एक ग्रॅम ओले मांस थेट पचवणे सोपे पडते. घरच्या मिक्सरसारखे स्टीलचे पाते असलेले यंत्र वापरायचे असेल तर कशावर संशय घ्यायचा हे वर आलेच आहे.

७. डायजेशन

या पायरीत मांसातला सगळा कार्बन जाळून धातू स्वच्छ द्रावणात आणायचा असतो. उघड्या भांड्यात नायट्रिक आम्ल सुमारे १२० अंशांना उकळते, त्याच्या वर जात नाही. बंद भांड्यात दाब वाढतो आणि तापमान १८० अंशांच्या पुढे नेता येते. कर्बोदके १४० अंशांच्या आसपास, प्रथिने १५० च्या आसपास आणि मेद १६० च्या आसपास तुटतात, म्हणून हॉटप्लेटवर तेलकट नमुना तासनतास पिवळा आणि गढूळच राहतो. शिवाय उघड्या भांड्यातून पारा, आर्सेनिक आणि सेलेनियम उडून जाऊ शकतात. कोरड्या राखेची जुनी रीत, म्हणजे मफल भट्टीत जाळणे, तांबे-जस्तासाठी चालेल. पाऱ्याचा तिथे मागमूस राहत नाही, आणि भट्टी ५०० अंशांच्या वर गेली तर कॅडमियम आणि शिसेही घटतात.

मी वापरते ती रीत अशी. टेफ्लॉनच्या भांड्यात ०.२५ ग्रॅम कोरडी पूड तोला. पूड भिंतीला चिकटू न देता तळाशी उतरवा. ५ मिलिलिटर नायट्रिक आम्ल घालून भांडे फ्यूम हूडमध्ये, म्हणजे धूर ओढून घेणाऱ्या कपाटात, सैल झाकणाने अर्धा तास तरी ठेवा, तेलकट नमुना असेल तर रात्रभर. पहिली काही मिनिटे पाहण्यासारखी असतात: पांढरी पूड पिवळी पडते, फेस भांड्याच्या निम्म्यापर्यंत चढतो आणि त्यातून विटकरी रंगाचा धूर निघू लागतो. हा फेस खाली बसेपर्यंत झाकण घट्ट करायचे नाही. मग १ मिलिलिटर हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबाथेंबाने सोडा, पुन्हा थांबा, आणि त्यानंतरच भांडे बंद करा.

मायक्रोवेव्हचा कार्यक्रम यंत्रागणिक बदलतो. पायाभूत म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची ३०५२ क्रमांकाची पद्धत पाहावी: सेंद्रिय नमुना ०.५ ग्रॅमपर्यंत, ९ मिलिलिटर नायट्रिक आम्ल, सुमारे साडेपाच मिनिटांत १८० अंश आणि तिथे साडेनऊ मिनिटे. मी तापमान पंधरा मिनिटांत हळूहळू चढवते आणि वीस मिनिटे टिकवते, कारण तेलकट नमुन्यात दाब एकदम उसळतो. एका फेरीतल्या सर्व भांड्यांत नमुन्याचे वजन आणि आम्ल सारखेच असावे. नियंत्रण एकाच भांड्यातल्या तापमापकावर चालत असेल, तर शेजारच्या भांड्यात दुप्पट पूड आहे हे यंत्राला कळत नाही.

यंत्र थांबले म्हणजे भांडी थंड झाली असे नाही. तापमान खोलीच्या जवळ आल्यावर, हूडमध्येच, झाकणाचे तोंड आपल्यापासून दूर ठेवून ती उघडा. तो विटकरी धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो. श्वासात गेला तर त्याचा फुप्फुसावरचा परिणाम काही तासांनीही दिसू शकतो, म्हणून 'मला काही झाले नाही' असे म्हणून घरी निघून जाऊ नका.

आणखी तीन धोके आहेत. जुन्या पद्धतींत परक्लोरिक आम्ल सांगितलेले असते. चरबीबरोबर ते स्फोट घडवू शकते आणि त्याला खास धुता येणारे हूड लागते, म्हणून नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊच नये. नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल किंवा ॲसिटोन एकाच कचऱ्याच्या बाटलीत कधीही ओतू नका. बंद बाटली फुटते. आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाची मांसासाठी गरज नसते, कुणी सुचवले तरी. बोटांवर नायट्रिक आम्लाचा थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. उरणारा पिवळा डाग मात्र कशानेही निघत नाही. ती कातडी गळून पडेपर्यंत वाट पाहावी लागते.

८. पातळ करणे

पचलेले द्रावण स्वच्छ, रंगहीन किंवा फिकट पिवळे दिसले पाहिजे. तळाशी वाळूचे कण दिसले तर ते पोटातल्या गाळाचे समजा आणि वहीत लिहा. भांडे अतिशुद्ध पाण्याने तीनदा खंगाळून सगळे ५० मिलिलिटरच्या नळीत घ्या आणि खुणेपर्यंत भरा. या द्रावणात आम्ल सुमारे १० टक्के होते, तर आयसीपी-एमएसला साधारण २ टक्के मानवते; म्हणून मोजण्यापूर्वी आणखी पाचपट पातळ करा आणि तो पाचाचा आकडा विसरू नका. स्टँडर्ड द्रावणेही, म्हणजे धातूचे प्रमाण माहीत असलेली तुलनेची द्रावणे, तेवढ्याच आम्लात बनवा.

गाळणकागद शक्यतो वापरू नका. सेंट्रिफ्यूज करा किंवा रात्रभर बसू द्या. पारा मोजायचा असेल तर द्रावणात थोडे सोने घालतात, त्यामुळे पारा नळीच्या भिंतीला चिकटत नाही.

आर्सेनिकबाबत दोन सापळे आहेत. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले तर त्यातले क्लोरीन यंत्रातल्या आर्गॉनशी जुळून ७५ वस्तुमानाचा आयन तयार होतो आणि यंत्र त्यालाच आर्सेनिक समजते. दुसरा अधिक फसवा आहे: समुद्री माशातले बहुतेक आर्सेनिक आर्सेनोबीटेनच्या रूपात असते, आणि ते १८० अंशांच्या नायट्रिक आम्लालाही पुरते दाद देत नाही. आयसीपी-एमएसवर याने फारसे बिघडत नाही. पण हायड्राइड पद्धतीच्या एएएस यंत्रावर, जिथे आर्सेनिकचे आधी वायूत रूपांतर करावे लागते, आकडा खूप कमी येतो आणि विद्यार्थी मासा स्वच्छ असल्याचा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

९. ब्लँक, संदर्भ द्रव्य आणि दुबार नमुने

प्रत्येक फेरीत किमान तीन ब्लँक असावेत: मासा सोडून बाकी सगळे, तेच आम्ल, तेच भांडे, तीच फेरी. शोधमर्यादा सहसा ब्लँकच्या प्रमाण विचलनाच्या तिपटीने काढतात. ब्लँक सगळे मिळून एका कोपऱ्यात ठेवू नका. नमुन्यांच्या मधे विखरून ठेवा, म्हणजे एखादे भांडेच खराब असेल तर ते उघडे पडते.

प्रत्येक फेरीत एका भांड्यात संदर्भ द्रव्य असावे. त्याचे मूल्य कोरड्या वजनावर दिलेले असते, म्हणून त्याची आर्द्रता वेगळ्या चिमूटभर भागावर काढा. पचवायचाच भाग वाळवू नका. किमान किती वजन घ्यायचे हे प्रमाणपत्रावर असते. ८० ते १२० टक्के वसुली, म्हणजे प्रमाणपत्रावरच्या मूल्याच्या तुलनेत आपल्याला मिळालेला आकडा, बहुतेक ठिकाणी मान्य होते. जस्ताची वसुली १४० टक्के आणि कॅडमियमची ९८ टक्के आली तर पद्धत बरोबर आहे आणि जस्त बाहेरून येत आहे. सगळ्याच धातूंची ७० टक्के आली तर वजनात, आकारमानात किंवा पातळीकरणाच्या गणितात चूक शोधा.

दर दहा नमुन्यांमागे एक नमुना दोनदा पचवा.

१०. हिशेब

समजा, यंत्राने शिसे १.०० मायक्रोग्रॅम प्रतिलिटर दाखवले आणि त्याच रीतीने पातळ केलेल्या ब्लँकने ०.०४. फरक ०.९६. पाचपट पातळ केले होते, म्हणून ४.८. नळीत ५० मिलिलिटर, म्हणजे ०.०५ लिटर होते, गुणाकार ०.२४ मायक्रोग्रॅम. पूड ०.२५ ग्रॅम होती, म्हणून ०.९६ मायक्रोग्रॅम प्रतिग्रॅम, म्हणजेच ०.९६ मिलिग्रॅम प्रतिकिलो.

इथे थांबून अनेक जण घाबरतात, कारण माशाच्या मांसातील शिशासाठी युरोपीय संघाची मर्यादा ०.३० मिलिग्रॅम प्रतिकिलो आहे. पण ती मर्यादा ओल्या वजनावर आहे आणि आपला आकडा कोरड्या. माशात ७८ टक्के पाणी असेल तर ०.९६ ला ०.२२ ने गुणावे लागते आणि उत्तर ०.२१ येते. तिप्पट ओलांडलेली वाटणारी मर्यादा प्रत्यक्षात ओलांडलेलीच नसते. प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर 'कोरडे वजन' किंवा 'ओले वजन' हे शब्द आणि आर्द्रतेची टक्केवारी लिहा. दुसऱ्याच्या प्रबंधातला आकडा शेजारी ठेवण्यापूर्वी तिथे काय लिहिले आहे तेही पाहा.

अंतिम तक्ता मार्गदर्शकांच्या सहीने मंजूर होईपर्यंत उरलेली पूड शुष्कपात्रात आणि पचलेली द्रावणे फ्रिजमध्ये, घट्ट झाकणाच्या नळ्यांत ठेवा. पाऱ्याची द्रावणे त्याला अपवाद आहेत. ती जितक्या लवकर मोजली जातील तितके बरे.